बेचाळीस रात्री, एक पडदा

आमच्या घरात 'श्यामची आई' आम्ही उलट्या क्रमानं आणली. मुलगी नऊ वर्षांची होती, मुलगा बारा. आधी चित्रपट दाखवू, गोडी लागली की पुस्तक आपोआप वाचतील, असं आम्हा दोघांना वाटलं होतं. मुलांनी चित्रपट मन लावून पाहिला, शेवटी दोघं रडलीसुद्धा. पुस्तक मात्र पुढचे आठ महिने टेबलावरून हललं नाही. "गोष्ट कळली ना आता," मुलगा म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं, गोष्ट त्याला कळली होती. ती सांगणारा माणूस मात्र त्याला भेटायचाच राहिला होता.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीची दोन मुलं सुट्टीला आमच्याकडे आली, तेव्हा क्रम बदलला. आधी पुस्तक, मग चित्रपट, आणि मग पुन्हा पुस्तक. हे तिसरं पाऊल बहुतेक जण टाकतच नाहीत आणि खरा आनंद तर तिथेच आहे. तेव्हापासून हीच रीत मी 'बनगरवाडी'ला लावली, 'नटसम्राट'ला लावली, 'पथेर पांचाली'लाही लावली. इथे ती 'श्यामची आई'च्या आधारानं सांगते, कारण हे पुस्तक बहुतेक मराठी घरांत असतंच आणि त्यावरचा जुना चित्रपट निदान ऐकून तरी सगळ्यांना ठाऊक असतो.

काय लागेल

पुस्तकाची पूर्ण प्रत, एक साधी वही, रोज रात्रीची वीस-पंचवीस मिनिटं आणि सहा आठवडे. घरात एखादं म्हातारं माणूस असेल तर त्यांना या बैठकीत मानाची जागा द्या. का, ते पुढे येईलच.

१. प्रत नीट पारखून घ्या

पुस्तकाचे लेखक साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणून २०११ पासून हे पुस्तक कुणालाही छापता येतं. त्यामुळे ते स्वस्तात मिळतं, ही चांगली गोष्ट. पण बाजारात संक्षिप्त आवृत्त्या, बालआवृत्त्या, चित्रमय आवृत्त्याही भरपूर आहेत. विकत घेताना अनुक्रमणिका उघडा आणि 'रात्री', म्हणजे या पुस्तकातली प्रकरणं, मोजा. त्या बेचाळीस असल्या पाहिजेत. 'सावित्री-व्रत'पासून 'आईचे स्मृतिश्राद्ध'पर्यंत. कमी भरल्या तर ती प्रत या कामाची नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जुनी, कापडी बांधणीची प्रत मिळाली तर तीच आणा. तिची अक्षरं मोठी असतात आणि आजीलाही वाचता येतात.

२. वाचून होईपर्यंत चित्रपट दूर ठेवा

मोबाइलवर त्याचे तुकडे सतत समोर येतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवावं लागतं. पडद्यावरचा चेहरा एकदा पाहिला की मनातला चेहरा पुसला जातो. ज्यानं आधी चित्रपट पाहिला, त्याच्यासाठी श्यामची आई म्हणजे कायमच्या चित्रपटातल्या वनमालाबाई. त्या अप्रतिमच आहेत. तरीही वाचणाऱ्याला स्वतःची एक आई उभी करायला सहा आठवडे मिळायला हवेत. आमच्या भाचीच्या मनातल्या श्यामच्या आईला तिच्या मावशीचा आवाज होता, असं तिनं नंतर सांगितलं.

३. रोज एकच रात्र, आणि मोठ्यानं

हे पुस्तक डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकण्याचं आहे. त्याच्या प्रकरणांना प्रकरण म्हटलेलंच नाही, रात्र म्हटलं आहे. आश्रमातले सोबती रात्री जमतात आणि मोठा झालेला श्याम त्यांना आईची आठवण सांगतो, अशी त्याची बांधणी. गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. मोठ्यानं वाचताना ती लगबग जाणवते. वाक्यं छोटी, श्वासाबरोबर येणारी. मनातल्या मनात वाचलं की ही लय निसटते आणि मग काहींना पुस्तक भाबडं वाटू लागतं. ऐकताना ते तसं वाटत नाही, हा माझा अनुभव.

जेवणं झाली, ओटा आवरला की बसायचं. वाचणारा रोज बदलायचा. अडखळणाऱ्या मुलालाही पाळी द्यायची, फक्त त्याच्या वाट्याला लहान रात्र येईल असं पाहायचं. एका वेळी एकच रात्र, मुलांनी कितीही हट्ट धरला तरी. उद्यासाठी राखून ठेवल्यानं दिवसभर गोष्ट मनात घोळते.

अठराव्या रात्रीचं सांगते. 'अळणी भाजी'. आईकडून भाजीत मीठ घालायचं राहून गेलं आहे. वडील जेवतात, काही बोलत नाहीत. ते बोलले नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. शेवटी आई जेवायला बसते, तेव्हा तिला कळतं. हे आमच्याकडे मुलगा वाचत होता. वाचता वाचता तो थांबला आणि आजीकडे वळून म्हणाला, "आजी, पण कुणी सांगितलं का नाही? मीठ वरून घेता आलं असतं की." सासूबाई दापोलीकडच्या. त्या म्हणाल्या, "अरे, तेव्हा घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवायची. सगळ्यांचं होईपर्यंत तिला चव कळायचीच नाही." मग त्यांनी स्वतःच्या सासरच्या पंक्तीबद्दल सांगितलं. पंगतीत कोण कुठे बसायचं, उरलेलं कोण खायचं, पोरींना ताक कधी मिळायचं. त्या रात्री पुस्तकाची तीन पानं झाली आणि सासूबाईंचा तास. यातलं काहीच मी तोवर ऐकलेलं नव्हतं, लग्नाला पंधरा वर्षं झाली असूनही.

म्हणून म्हटलं, म्हातारं माणूस हवं. पत्रावळ कशी लावतात, उसनवार म्हणजे नेमकं काय, सोवळं म्हणजे काय, हे शब्दकोशापेक्षा त्यांच्याकडून चांगलं कळतं. परदेशात राहणाऱ्या घरांनी ही बैठक आठवड्यातून दोनदा फोनवर आजी-आजोबांबरोबर भरवावी. मुलांना देवनागरी वाचता येत नसली तरी ऐकता येतंच.

४. वहीत रोज एक ओळ

रात्र संपली की प्रत्येकानं एकाच प्रश्नाचं उत्तर एका ओळीत लिहायचं: यातलं डोळ्यांना काय दिसलं?

प्रश्न सोपा वाटतो, पण तो वाचायची सवय बदलतो. 'थोर अश्रू' मध्ये उत्तर लगेच सापडतं. आंघोळ झालेलं पोर, ओले तळवे, त्यांना माती लागू नये म्हणून आईनं पसरलेलं स्वतःचं लुगडं. कॅमेरा लावला की प्रसंग तयार. पण बत्तिसावी रात्र कर्जाबद्दल आहे. कर्ज डोळ्यांना कसं दिसणार? आमच्या भाच्यानं लिहिलं, "दारात उभा असलेला माणूस आणि घरातल्यांनी खाली घातलेली मान." दहा वर्षांच्या मुलानं लिहिलेली ही ओळ मी जपून ठेवली आहे. पटकथाकार नेमकं हेच काम करतो. ज्या ओळीसमोर 'काही नाही, सगळं मनातलंच' असं लिहावं लागलं, तिच्यावर खूण करून ठेवा. चित्रपट पाहताना ती कामाला येईल.

५. बेचाळिसांतून दहा निवडा

सगळ्या रात्री वाचून झाल्यावर, पण चित्रपटाच्या आधी, प्रत्येकानं स्वतंत्रपणे दहा प्रसंग निवडायचे. अट एकच: एवढ्यावरून दोन-अडीच तासांचा चित्रपट करायचा आहे. मग एकमेकांच्या याद्या वाचायच्या.

या पायरीला भरपूर वेळ द्या, रविवारची सगळी दुपार दिली तरी चालेल. 'हे का घेतलं, ते का सोडलं' यावर खरी चर्चा इथे होते. आमच्या मुलीनं 'मोरी गाय' घेतली, तिच्या भावानं ती गाळून 'श्यामचे पोहणे' घेतलं. सासूबाईंना 'दूर्वांची आजी' सोडवेना. जो स्वतः बत्तीस रात्रींवर काट मारतो, त्याला दिग्दर्शकानं काही गाळलं म्हणून राग येत नाही. 'पुस्तकातलं सगळं नाही घेतलं' ही तक्रार चित्रपटांबद्दल सर्वांत जास्त ऐकू येते आणि ती सर्वांत कमी उपयोगाची आहे.

६. चित्रपटाची थोडी ओळख करून घ्या

फार नको, पाच मिनिटं पुरेत. आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट १९५३ चा. पटकथा आणि दिग्दर्शन त्यांचंच. गुरुजी त्याच्या तीन वर्षं आधी गेले, म्हणजे त्यांनी तो पाहिला नाही. संगीत वसंत देसायांचं. श्याम झाला होता माधव वझे, जे पुढे नाट्यसमीक्षक म्हणून नावाजले. आई झाल्या वनमाला. त्याआधी सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये त्या पृथ्वीराज कपूरच्या नायिका होत्या, हे मुलांना जरूर सांगा. ती तारका कोकणातल्या कर्जबाजारी घरातल्या बाईच्या लुगड्यात कशी वावरली, हे पाहण्यासारखं आहे. राष्ट्रीय पुरस्कार १९५४ मध्ये पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं.

७. पाहा, आणि बोलू नका

एका बैठकीत, दिवे मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. जुना कृष्णधवल चित्रपट आहे. चित्र आणि आवाज दोन्ही आजच्यासारखे स्वच्छ नाहीत, म्हणून आवाज थोडा मोठा ठेवा. पहिली दहा मिनिटं मुलं चुळबुळ करतात, ती करू द्या. 'पुस्तकात असं नव्हतं' हे वाक्य पडदा चालू असताना कुणीही म्हणायचं नाही, मोठ्यांनीही नाही. संपल्यावर लगेच चर्चाही नको. त्या रात्री झोपायला जायचं.

८. दुसऱ्या दिवशी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: काय वाढवलं? पुस्तकात गाणी नाहीत, चित्रपटात आहेत. शाळेच्या प्रसंगातलं छडीचं गाणं आज कित्येकांना चित्रपट न पाहताही पाठ असतं. द्रौपदी आणि कृष्णाच्या नात्यावरचं आशा भोसलेंनी गायलेलं गाणंही तसंच. मुलांना विचारा, हे गाणं नसतं तर त्या जागी किती बोलणं लागलं असतं? पुस्तकात आई उपदेश करते, थेट आणि वारंवार. चित्रपटात तेवढा उपदेश ऐकवत नाही. त्यातला बराचसा भार गाण्यानं उचलला आहे, असं माझं मत आहे.

दुसरा प्रश्न: खूण केलेल्या ओळींचं काय झालं? ज्या रात्री 'सगळं मनातलंच' होतं, त्या आल्या का? आल्या असतील तर कशाच्या रूपानं?

तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: जिथे श्याम नव्हता, तिथे काय झालं? आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो. तो पोहोचतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. एकेचाळिसाव्या रात्रीचं नावच 'भस्ममय मूर्ती' आहे. आईचे शेवटचे दिवस तो मागाहून कळलेल्या गोष्टींवरून सांगतो, आणि आपण तिथे नव्हतो ही खंत त्या सांगण्यात शब्दाशब्दाला आहे. कॅमेऱ्याचं तसं नाही. तो खाटेशेजारी जाऊन उभा राहू शकतो. अत्र्यांनी त्याला कुठे उभं केलं, कुठे जाऊ दिलं नाही, हे आठवून पाहा. आठवत नसेल तर तेवढा भाग पुन्हा लावा.

९. एक प्रसंग: वाचा, पाहा, वाचा

ही या कृतीतली मुख्य पायरी. बाकी सगळं राहिलं तरी ही करा.

प्रसंग घ्या बाराव्या रात्रीचा, पोहण्याचा. कोकणात पावसाळ्यात विहिरी भरल्या की पोरं पोहायला शिकतात. श्याम भित्रा. तो माळ्यावर लपून बसतो. त्याला शोधून काढलं जातं आणि आई शिंपटीनं मारत त्याला पाण्याकडे धाडते. पुढे तिचेच डोळे भरून येतात आणि आपण का मारलं ते ती त्याला समजावून सांगते.

आधी हे पुन्हा मोठ्यानं वाचा. मग चित्रपटातला पोहण्याचा भाग लावा. एकदा नेहमीसारखा पाहा आणि एकदा आवाज बंद करून. आवाज बंद केला की शब्दांचा आधार जातो. उरतात आईचा हात, तिची मान, विहिरीचा काठ आणि पोराचं अंग चोरणं. आमच्या मुलीला दुसऱ्यांदा पाहताना रडू आलं, पहिल्यांदा आलं नव्हतं. ती म्हणाली, "पुस्तकात मार एवढा लागत नाही गं आई."

तिचं म्हणणं बरोबर होतं. पुस्तकात तो मार एक मोठा माणूस आठवून सांगतो आहे, आणि आई बरोबर होती हे त्याला सांगण्याआधीच ठाऊक आहे. आठवणीतून आलेला मार मऊ झालेला असतो. पडद्यावर तो आत्ता, या क्षणी, एका लहान मुलाला बसतो. हे कळल्यावर पुस्तक तिसऱ्यांदा उघडा आणि तीच पानं वाचा. या वेळी सांगणाऱ्याचा आवाज वेगळा ऐकू येतो. कुठे तो आईला सांभाळून घेतो, कुठे स्वतःला दोष देतो, कुठे सोबत्यांकडे वळून बोलतो. पहिल्या वाचनात आपण श्यामबरोबर माळ्यावर लपलेलो असतो. तिसऱ्या वाचनात आपण आश्रमात त्याच्यासमोर बसलेलो असतो. आमच्या मुलाला गोष्ट सांगणारा माणूस भेटला तो इथे.

१०. जमल्यास नवा चित्रपटही

सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये 'श्यामची आई' पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवलच. त्यात मोठेपणीचे साने गुरुजी ओम भुतकर यांनी रंगवले आहेत. मध्ये निदान पंधरा दिवस जाऊ द्या. लागोपाठ पाहिलं की तुलना गुण देण्यावर येऊन थांबते. पाहताना एकच लक्षात ठेवा: इथे गोष्ट कोण सांगतं आहे?

दुसऱ्या पुस्तकांसाठी बदल

प्रत्येक कलाकृतीला ही रीत जशीच्या तशी लागत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) घरभर मोठ्यानं वाचू नका. ती एकट्यानं वाचायची कादंबरी आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर, उघडा माळ, लांबवर दिसणारी माणसं. तिथली शांतता एकट्यालाच ऐकू येते. अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा आणि पटकथा खुद्द माडगूळकरांची. म्हणून इथे वेगळा प्रश्न विचारा: चाळीस वर्षांनी लेखकानं स्वतःचंच पुस्तक पडद्यासाठी लिहिलं, तेव्हा त्यानं कशाला हात लावला नाही?

'नटसम्राट'साठी उलट करा. नाटक आहे, तेव्हा भूमिका वाटून घ्या आणि स्वगतं उभं राहून म्हणा. २०१६ च्या चित्रपटात विक्रम गोखल्यांनी केलेला रामभाऊ हा मित्र शिरवाडकरांच्या नाटकात नाही. तो का आणावा लागला असेल, याचा विचार करा. रंगमंचावर नाटकाचे नायक अप्पा बेलवलकर समोरच्या अंधाराशी बोलू शकतात. पडद्यावर त्यांना ऐकणारं माणूस लागलं.

आणि 'पथेर पांचाली'. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या कादंबरीत दुर्गा आगगाडी न पाहताच जाते. सत्यजित राय यांच्या १९५५ च्या चित्रपटात ती भावाबरोबर काशफुलांच्या रानातून धावते आणि गाडी पाहते. रायांनी तिला ती गाडी दिली. योग्य केलं की नाही, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मी रायांच्या बाजूनं, मुलगा विभूतिभूषणांच्या.

सुट्टी लागेपर्यंत थांबू नका. पहिली रात्र लहान आहे. आज जेवणं झाली की सगळ्यांना बसवा आणि घरात सगळ्यात कमी वाचणारा जो असेल, त्याच्या हातात पुस्तक द्या.